निसर्ग वादळ आणि समुद्राकाठचं एक कौलारू घर: प्रकरण अभ्यास

हे घर रायगड जिल्ह्यातल्या श्रीवर्धन तालुक्यातलं. गावाचं नाव दिलेलं नाही, माणसांची ओळख पटेल अशा खुणा बदलल्या आहेत. घटनांचा क्रम, घेतलेले निर्णय आणि त्यांची मोजावी लागलेली किंमत मात्र आहे तशीच ठेवली आहे.

हेच घर निवडण्याचं कारण म्हणजे या माणसांनी तयारी केली होती. बेफिकीर राहिलेल्या घराचं काय होतं ते सांगायला प्रकरण अभ्यास लागत नाही. इशारा ऐकला, धावपळ केली, बरंचसं बरोबर केलं आणि तरीही पुढचे पाच आठवडे हाल झाले, ते कुठल्या जागी, हे इथे बघायचं आहे.

पार्श्वभूमी

घर जांभ्या दगडाचं, मंगलोरी कौलांचं, दोन पिढ्यांपूर्वीचं. पूर्वेला पुढचं दार, खळं आणि रस्ता. पश्चिमेला मागची वाडी, वाडीपलीकडे सुरूचं बन आणि त्यापुढे समुद्र. घरापासून किनारा अर्धा किलोमीटरही नाही. पुढच्या पडवीवर सिमेंटचे पत्रे. मागच्या अंगाला अलीकडे बांधलेली न्हाणी आणि संडास, त्यावर स्लॅब आणि स्लॅबवर प्लास्टिकची पाण्याची टाकी. अख्ख्या घरात स्लॅब तेवढाच.

वाडी १२ गुंठ्यांची. पोफळी, नारळ, पोफळींवर चढवलेली मिरी, कुंपणाला दोन आंबे आणि घराला लागून एक जुना फणस. विहीर वाडीतच. तिच्यावर विजेचा पंप बसला तेव्हा रहाट काढून ठेवला आणि पुढे कधीतरी तो मोडीत गेला.

एरवी घरात तिघंच: आजी, तिचा थोरला मुलगा आणि सून. गावात सगळे त्यांना दादा आणि वहिनी म्हणतात, इथेही तसंच म्हणू. करोनाच्या टाळेबंदीमुळे मे २०२० च्या अखेरीस दादाचा धाकटा भाऊ बायको आणि दोन मुलांसह मुंबईहून गावी आला होता. त्यांचं विलगीकरण पुढच्या खोलीत चालू होतं. म्हणजे वादळाच्या दिवशी घरात सात माणसं, गोठ्यात एक गाय आणि तिचं वासरू.

महिना कुठला होता हेही ध्यानात ठेवायला हवं. मे संपताना कोकणातलं घर पावसाळ्यासाठी सज्ज झालेलं असतं. शाकारणी होऊन कौलं नीट बसवलेली होती. आगोटीची भरती झाली होती: तांदूळ, सुकी मासळी, मसाले, पापड, कोकम, सुकी लाकडं. दोन-तीन महिने बाजार केला नाही तरी चालेल इतकं सामान घरात होतं आणि त्यातलं बहुतेक माळ्यावर होतं. उंदीर आणि ओल यांपासून जपायला हीच जागा उत्तम, हा पिढ्यांचा अनुभव. माळ्याच्या डोक्यावर फक्त कौलं असतात, हे तोवर कधी आड आलं नव्हतं.

अडचण कशी उभी राहिली

अरबी समुद्रातला कमी दाबाचा पट्टा १ जूनला डिप्रेशन (चक्रीवादळाआधीचा टप्पा) झाला, २ जूनला दुपारी त्याचं चक्रीवादळ झालं, बांगलादेशाने सुचवलेलं ‘निसर्ग’ हे नाव त्याला मिळालं आणि ३ जूनच्या पहाटे ते तीव्र चक्रीवादळ झालं. त्याच दुपारी ते किनाऱ्यावर आलं. बंगालच्या उपसागरातल्या वादळांची चाहूल अनेकदा चार-पाच दिवस आधी लागते. इथे घरादाराला हालचाल करायला जेमतेम दोन दिवस होते.

त्यातला पहिला दिवस एका शब्दापायी गेला. हवामान खात्याच्या पत्रकात वादळ हरिहरेश्वर ते दमण या पट्ट्यात, अलिबागजवळ किनारा ओलांडेल असं म्हटलं होतं. टीव्हीवर आणि व्हॉट्सॲपवर फिरत राहिलं ते फक्त ‘अलिबाग’. श्रीवर्धनपासून अलिबाग सरळ रेषेत पासष्ट-सत्तर किलोमीटर. ‘म्हणजे आपल्याला बाजूचा वारा लागेल’ असा अर्थ घरात निघाला. हरिहरेश्वर याच तालुक्यात आहे, पट्ट्याचं एक टोक आपल्या दारात आहे, हे १ जूनला कोणी बोललं नाही. चक्रीवादळाचा जोराचा वारा केंद्रापासून कितीतरी किलोमीटरपर्यंत पसरलेला असतो आणि आपल्याकडच्या गोलार्धात वादळाच्या वाटचालीच्या उजव्या हाताला तो सर्वांत जास्त असतो. ईशान्येकडे सरकणाऱ्या वादळाची उजवी बाजू म्हणजे दक्षिणेचा किनारा. अलिबागच्या दक्षिणेला असणं हे काही सुटकेचं लक्षण नव्हतं.

दुसरी गोष्ट फयानची. नोव्हेंबर २००९ मधलं फयान वादळ या घराने पाहिलं होतं. तेव्हा चार कौलं सरकली आणि एक नारळ पडला. त्यामुळे ‘वादळ’ म्हटल्यावर डोळ्यांसमोर तेवढंच यायचं. फयान कोकण किनाऱ्याला लागूनच वर सरकलं होतं, पण जमिनीवर आलं ते अलिबाग आणि मुंबईच्या दरम्यान, आणि त्याचा वारा निसर्गपेक्षा कमी होता. पूर्वीचा अनुभव उपयोगी पडतो, पण तो कुठल्या वादळाचा आहे हे विचारलं नाही तर तोच दिशाभूल करतो.

२ जूनला सकाळी तलाठी आणि ग्रामपंचायतीची माणसं गावात फिरली. लाटा नेहमीच्या भरतीपेक्षा एक ते दोन मीटर उंच येतील, वारा ताशी १०० किलोमीटरच्या वर जाईल, कच्च्या घरातल्यांनी हलावं. पौर्णिमा ५ जूनला होती, त्यामुळे समुद्राला उधाण होतंच. घर खरं हललं ते तेव्हा.

समोरचे पर्याय

गावाने निवाऱ्यासाठी शाळा उघडली होती. इमारत पक्की होती, पण तिच्या दोन वर्गांत मुंबई-पुण्याहून आलेल्यांचं विलगीकरण चालू होतं. आजीचं वय ७८, तिला दमा. तिला तिथे न्यायला वहिनीची तयारी नव्हती. या भीतीला आज कोणी हसेल, तेव्हा ती अगदी रास्त होती.

म्हसळ्याच्या बाजूला, डोंगरापलीकडे, वहिनीचं माहेर. तिथे जाता आलं असतं. पण मुंबईहून आलेल्या दिराचं कुटुंब बरोबर घेऊन जायचं म्हटल्यावर माहेरच्या गावाने नकार दिला. आजी आणि वहिनीने जावं, बाकीच्यांनी राहावं, असं एक मत पडलं. आजीने ते ऐकूनच घेतलं नाही.

तिसरा पर्याय शेजारचा. रस्त्याच्या पलीकडे, तीनेकशे पावलांवर एका निवृत्त शिक्षक काकांचं स्लॅबचं एकमजली घर. विलगीकरणातल्या माणसांना घेणार का, हे विचारायचं सगळ्यांच्या जिवावर आलं होतं. वहिनीने विचारलं. काका म्हणाले, “मुलांना घेऊन ये. मागची खोली तुमची, दार वेगळं आहे.” या अख्ख्या प्रकरणातला सर्वांत मोलाचा निर्णय हाच होता. त्याला खर्च काहीच आला नाही. फक्त विचारण्याचा संकोच सोडावा लागला.

चौथा पर्याय घरातच राहण्याचा. माजघराच्या भिंती दोन फूट जाडीच्या, त्यामुळे तिथे बसलं तर काही होणार नाही, असं दादाचं म्हणणं. भिंतींबद्दल तो बरोबर होता.

काय केलं

२ जूनचा दुपारनंतरचा वेळ आणि ३ तारखेची सकाळ मिळून पुष्कळ कामं झाली. टाकी काठोकाठ भरली. सगळे फोन आणि एक पॉवर बँक चार्ज केली. वहिनीने रेशनकार्ड, आधार, बँकेची पासबुकं, घरपट्टीची पावती, सातबारा, आजीचा औषधांचा कागद दोन प्लास्टिकच्या पिशव्यांत गुंडाळून पेटीत ठेवले, पेटी न्हाणीत नेली. आजीची दम्याची औषधं आणि मुलांचे कपडे वेगळ्या पिशवीत. खळ्यातल्या खुर्च्या, घमेली, बादल्या, पत्र्याचे तुकडे आत घेतले. हे फार महत्त्वाचं, कारण ताशी शंभराच्या वाऱ्यात घमेलं काय करू शकतं हे पुढे दुसऱ्या एका घरात दिसलं. घरात एकच ताडपत्री होती. ती लाकडांवर घालून दगड ठेवले.

समुद्र पश्चिमेला, म्हणून मागच्या तिन्ही खिडक्यांना आतून फळ्या ठोकल्या, फटींत गोणपाट कोंबलं. मागच्या दाराला आतून लाकडी पेटारा लावला. पुढच्या दाराला नुसती कडी घातली. जुन्या काळी त्या दाराला आडवा अडसर होता. भिंतीतली त्याची भोकं अजून आहेत, अडसर मात्र कधीच चुलीत गेला होता.

फणसाची घरावर आलेली फांदी तोडायची असं दोन वर्षं चाललं होतं. २ जूनला माणूस मिळाला नाही. नारळ पाडायलाही पाडेली मिळाला नाही, एकाच दिवशी सगळ्या गावाला तोच हवा होता.

गाईचं काय करायचं यावर थोडा वाद झाला. दादा तिला गोठ्यात घट्ट बांधणार होता. आजी म्हणाली, “दावं सोड. पडलं काही तर तिला पळता तरी येईल.” दावं सोडलं. गोठा संपूर्ण बसला, गाय आणि वासरू संध्याकाळी रस्त्याकडेला सापडली.

सकाळी साडेनऊला आजी, दोघी जावा आणि मुलं काकांकडे गेली. दोघं भाऊ ‘घर राखायला’ मागे थांबले.

३ जूनची दुपार

अकराच्या सुमारास वारा अंगावर येऊ लागला, तो समुद्राकडून नव्हे तर जमिनीकडून, पूर्व-आग्नेयेकडून. चक्रीवादळाचं वारं आपल्याकडे घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरतं. वादळ समुद्रातून जवळ येत असताना त्याच्या पुढच्या भागातला वारा किनाऱ्यावर जमिनीकडून येतो. केंद्र पुढे सरकलं की तो दिशा बदलत दक्षिणेकडून आणि शेवटी समुद्राकडून येतो. समुद्र पश्चिमेला म्हणून पश्चिम बंद करणं ही समजूत इतकी साहजिक आहे की गावातल्या बहुतेक घरांनी तेच केलं.

बाराच्या सुमारास पडवीचे पत्रे गेले. हे पत्रे जे-हुकांनी पाइपाला धरलेले असतात. हुक एक आड एक पन्हळीला होते आणि काही गंजलेले. वारा छपराला खाली दाबत नाही, वरून जाताना उचलतो. त्यामुळे पत्रा सुटतो तो कडेकडून, आणि एक सुटला की शेजारच्याच्या खालून वाऱ्याला वाट मिळते. उडालेला एक पत्रा पुढच्या पाख्यावर, म्हणजे छपराच्या पुढच्या उतारावर आदळून कौलं फुटली. थोड्याच वेळात पुढच्या दाराची कडी खिळ्यांसकट उपटली आणि दोन्ही फळ्या आत आपटल्या.

पुढचं सगळं त्या दाराने ठरवलं. वारा आत शिरला, बाहेर पडायला त्याला वाट नव्हती, कारण मागची बाजू चोख बंद केली होती. आतून वर रेटा आणि बाहेरून वर ओढ, अशा कात्रीत मंगलोरी कौलं टिकत नाहीत. ती रिपांवर, म्हणजे लाकडी पट्ट्यांवर केवळ स्वतःच्या वजनाने आणि खोबणीने बसलेली असतात, बांधलेली नसतात. आधी कोनाची, म्हणजे छपराच्या माथ्यावरची कौलं गेली, मग वळचणीची, मग पुढचा सगळा पाखा. मागची बाजू थोडी उघडी ठेवायला हवी होती असा याचा अर्थ कोणी काढू नये. तसं केलं तर वारा घरातून आरपार जातो आणि सामानासकट नासधूस करतो. चुकलं ते वाऱ्याकडचं दार कच्चं राहिलं हे.

दोघं भाऊ माजघरात होते. कौलं आणि रिपांचे तुकडे आत पडू लागल्यावर ते भिंतीला चिकटून न्हाणीपर्यंत गेले. हे अंतर पंधरा पावलांचं. धाकट्याच्या खांद्याला कौल लागून जखम झाली, टाके घालायला दवाखान्यात जायचं तर रस्ते झाडांनी बंद. वहिनीने काकांकडच्या कापसाने आणि हळदीने भागवलं. तिसऱ्या दिवशी आरोग्य उपकेंद्रात दाखवलं.

दीडच्या पुढे वारा ओसरल्यासारखा झाला. दादा न्हाणीचं दार उघडून गाय बघायला गोठ्याकडे निघाला. तो परत फिरला तो फणस करकरताना ऐकून. थोड्याच वेळात वारा दक्षिणेकडे आणि मग समुद्राकडे वळून पुन्हा जोरात सुरू झाला आणि ज्या फांदीबद्दल दोन वर्षं बोलणं चाललं होतं तिच्यासकट अख्खा फणस मागच्या पाख्यावर आला. वादळाचं केंद्र थेट डोक्यावरून जातं तेव्हा तर मध्ये पूर्ण शांतता होते, कधीकधी ऊन पडतं, आणि मग उलट दिशेने तितकाच वारा येतो. वारा पडला म्हणजे वादळ गेलं असं धरायचं नाही. ‘वादळ पुढे गेलं’ असं अधिकृतपणे सांगितलं जाईपर्यंत बाहेर पडायचं नाही, हा साधा नियम दोघांनाही माहीत होता. पण फोनचं नेटवर्क बारालाच गेलं होतं आणि घरात बॅटरीवर चालणारा रेडिओ नव्हता.

परिणाम

माणसं वाचली, जनावरं वाचली, कागद वाचले. पुढचा पाखा पूर्ण आणि मागचा अर्धा गेला. वाडीतल्या पोफळी दहातल्या आठ तरी मोडल्या किंवा मुळासकट गेल्या, नारळ निम्मे. पोफळ लावल्यापासून धरायला पाच-सात वर्षं जातात, भरात यायला आणखी काही. घराचं नुकसान एका पावसाळ्याचं होतं, वाडीचं एका पिढीच्या उमेदीचं.

खरा कस लागला तो ४ जूनपासून. वीज गेली ती पाच आठवडे आली नाही. खांबच आडवे झाले होते, त्यामुळे हे अटळ होतं. पण घरातल्या कोणीही ‘वीज महिनाभर नसेल तर’ असा विचार केला नव्हता. टाकीतलं पाणी सात माणसांना तीन दिवस पुरलं. विहीर तुडुंब, तरी पाणी नाही, कारण पंप बंद आणि रहाट नाही. विहिरीत झावळ्या आणि पोफळीचे शेंडे पडून पाण्याला वास येत होता. दोरी आणि कळशी शोधून पाणी काढायला लागले तेव्हा कळलं की इतक्या खोलीवरून ओढायची सवय घरात फक्त आजीला होती, आणि तिच्या अंगात आता बळ नव्हतं. पाणी उपसून, विहीर साफ करून, क्लोरीन टाकून पिण्याजोगं व्हायला दहाएक दिवस गेले. तोवर काकांच्या हातपंपावर रांग.

माळ्यावरची आगोट भिजली. तांदळाची कणगी खाली माजघरात होती म्हणून निम्मा तांदूळ वाचला. सुकी मासळी, पापड, मसाला गेला. लाकडांवरची ताडपत्री वाऱ्याने नेली, लाकडं ओली. गॅसचा एक सिलिंडर होता, त्यावर स्वयंपाक झाला. पिठाची गिरणी विजेअभावी बंद, म्हणून भाकरी नाही, नुसता भात. एटीएम बंद, घरात रोख जेमतेम. ओळखीच्या दुकानदाराने वहीवर लिहून सामान दिलं.

आणि पाऊस. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात मोसमी पाऊस कोकणात पोचला, तेव्हा घर उघडंच होतं. कौलं मिळेनात, पत्रे आणि ताडपत्र्या यांच्यासाठी सगळा तालुका धावत होता आणि भाव त्याप्रमाणे चढले होते. सुतार, गवंडी सगळ्यांनाच हवे होते. घराची तात्पुरती डागडुजी व्हायला तीन आठवडे लागले. जांभ्याच्या भिंती आणि माजघरातली मातीची जमीन तोवर भिजत राहिली. वाऱ्याने जे नेलं नाही ते पाण्याने नासवलं.

मुंबईतल्या बहिणीला सहा दिवस घरचं काहीच कळलं नाही. फोन चढणीवरच्या एका वळणावर लागतो, हे गावातल्या मुलांना तिसऱ्या दिवशीच सापडलं होतं. पण कोणी कोणाला, कधी फोन करायचा हे आधी ठरलेलं नव्हतं. प्रत्येकाला वाटलं दुसऱ्याने केला असेल.

मग मदतीचे कागद. राज्य सरकारने फळबागांची मदत हेक्टरी १८,००० वरून ५०,००० रुपये केली. त्या दराने १२ गुंठ्यांचे ६,००० होतात. कोकणातल्या वाड्या गुंठ्यांत मोजतात, हेक्टरात नाही, ही त्या हिशेबातली मेख. पण तेवढेही पैसे सहज हाती येईनात, कारण सातबारा अजून आजोबांच्या नावावर होता. वारस नोंद रखडलेली, हिस्सेदार अकरा, त्यातले सात मुंबईत, एक सुरतेला. झाडांची पीकपाहणीत नोंद अपुरी. टाळेबंदीत सगळ्यांची संमतिपत्रं गोळा करायला जे पळावं लागलं ते दादाने कौलं गोळा करण्याइतकंच कष्टाचं म्हणून सांगितलं. पेटीत जपून ठेवलेल्या कागदांत सातबारा होता, पण तो चुकीच्या नावाचा.

निर्णयाच्या जागा

या घराला कलाटणी देणारे क्षण माझ्या मते तीनच. इतर बाबी तपशिलाच्या.

पहिला १ जूनच्या संध्याकाळचा, ‘अलिबाग’ ऐकून स्वस्थ बसण्याचा. हवामान खातं चक्रीवादळाच्या सूचना टप्प्याटप्प्याने देतं: सुमारे ७२ तास आधी पूर्वसूचना, ४८ तास आधी सावधगिरीचा इशारा, २४ तास आधी धोक्याचा इशारा, १२ तास आधी किनारा ओलांडल्यानंतरचा अंदाज. पाडेली आणि सुतार शोधायचं काम पहिल्या टप्प्यावरच होऊ शकतं. तिसऱ्या टप्प्यावर प्रत्येक घर त्यांनाच शोधत असतं. पत्रकातलं एका गावाचं नाव धरण्याऐवजी दोन टोकांचा पट्टा वाचला असता तर या घराला एक अख्खा दिवस जास्त मिळाला असता. फणसाची फांदी त्या दिवसात उतरली असती.

दुसरा, काकांना विचारण्याचा. तो अचूक होता. तरी त्याचं अर्धंच फळ घेतलं. माणसं हलवली, पण धान्य, मसाला, सुकी मासळी आणि अंथरुणं माळ्यावरच ठेवली. काकांच्या मागच्या खोलीत ती सहज मावली असती. तशी कल्पना कोणाला सुचली नाही, कारण डोक्यात ‘जीव वाचवायचा’ एवढंच होतं आणि घर टिकेल हे गृहीत होतं.

तिसरा, दोघा भावांनी मागे थांबण्याचा. मी दादाला विचारलं की थांबून काय वाचलं. बराच विचार करून तो म्हणाला, “काही नाही.” दार निखळलं तेव्हा दोघांनी मिळूनही ते लावता आलं नाही. छप्पर जात असताना माणूस काही करू शकत नाही. रिकाम्या घरात चोरी होईल ही भीती असते, पण त्या दुपारी रस्त्यावर चोरालाही उभं राहता आलं नसतं. वाऱ्यात घर राखता येत नाही. घर राखायचं ते आदल्या दिवशी, अडसर घालून आणि हुक बदलून.

काय वेगळं करता आलं असतं

फार खर्चाच्या गोष्टींत मी जाणार नाही. संपूर्ण छपराला स्लॅब घालणं सगळ्यांना परवडत नाही आणि कौलारू घर उन्हाळ्यात सुखाचं असतं, हेही खरं.

कौलांची वळचणीकडची आणि कोनाकडची रांग तारेने रिपांना बांधता येते. सगळी बांधायची गरज नाही, कारण पडझड याच कडांपासून सुरू होते. शाकारणी दरवर्षी होतेच, त्याच मजुरीत हे काम बसतं. पडवीचं छप्पर घरापासून सुटं ठेवलं, म्हणजे पडवी गेली तरी मूळ पाखा ओढला जाणार नाही, तर निम्मं नुकसान टळलं असतं. अडसर हा लाकडाचा एक दांडा. चारही बाजूंची दारं-खिडक्या सारख्याच बंदोबस्तात हव्यात, समुद्र कुठेही असो.

पाण्यासाठी रहाट, निदान कप्पी, दोर आणि पोहरा, आणि झाकणाचे दोन पिंप. माणशी दिवसाला पिण्या-रांधण्याला तीन-चार लिटर धरले तरी सात माणसांना आठवड्याला दीडशे ते दोनशे लिटर लागतात. टाकीतलं पाणी संडासला आणि धुण्याला वापरून संपलं, हे लक्षात घेतलं तर पिण्याचं पाणी वेगळं काढून ठेवण्याचं महत्त्व कळतं. दोन जास्तीच्या ताडपत्र्या, सुंभ, खिळे आणि रोख पैसे हे वादळानंतरच्या सकाळचं सामान. ते वादळाआधीच घरात हवं, नंतर बाजारात मिळत नाही.

सातबाराचं काम तर दोन दिवसांत होण्यासारखं नव्हतंच. ते दहा वर्षं आधीचं. घर, गोठा, वाडी यांचे तारखेसह फोटो मात्र एका तासात निघाले असते. पंचनाम्यात ‘आधी किती झाडं होती’ या प्रश्नावर सगळं अडतं.

तौक्तेच्या वेळी

पुढच्याच वर्षी, १६ आणि १७ मे २०२१ ला, तौक्ते वादळ कोकण किनाऱ्याला समांतर सरकत गुजरातकडे गेलं. ते समुद्रातूनच गेल्यामुळे या गावात वारा निसर्गइतका नव्हता, म्हणून दोन्हींची तुलना सरळ करता येत नाही. तरी घराने काय बदललं ते दिसलं. पुढच्या दाराला अडसर आला होता. पडवीचे नवे पत्रे प्रत्येक पन्हळीला हुक मारून आणि कडेला पट्टी ठोकून बसवले होते. विहिरीवर कप्पी होती. वहिनीने धान्य आणि मसाला झाकणाच्या पत्र्याच्या डब्यांत भरून १५ तारखेलाच काकांकडे पोचवला. बहिणीशी ठरलं होतं की फोन लागला नाही तर रोज सकाळी आठला चढणीवरच्या वळणावरून कोणीतरी फोन करेल. चार कौलं फुटली, वीज चार दिवस गेली, घर चालू राहिलं.

वारस नोंद झाली आहे. वाटणी व्हायची आहे, दोन हिस्सेदारांची सही अजून आलेली नाही. वाडीत नव्या पोफळी लावल्या आहेत आणि सावलीसाठी मध्ये केळी.

मागे कोणी थांबायचं नाही, यावर मात्र घरात एकमत नाही. तौक्तेच्या दिवशीही दादा दुपारपर्यंत घरातच होता. पुन्हा वादळ आलं तर थांबशील का, असं विचारल्यावर तो म्हणतो, “गाय आहे ना.” वहिनीचं म्हणणं, गाय सोडली की ती आपली जाते, अडकून बसतो तो माणूस. मी वहिनीच्या बाजूचा आहे, पण माझ्या घरी गाय नाही.